न्यूरोसायन्स घेऊन डॉक्टर व्हायचंय: अमेरिकेत कॉलेजांची यादी कशी करायची

एका आईचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी न्यू जर्सीत अकरावीत आहे. न्यूरोसायन्समध्ये पदवी घेऊन पुढे डॉक्टर व्हायचंय. शाळेतले गुण उत्तम, एसएटी या प्रवेशपरीक्षेत १६०० पैकी १४८०. आईवडील एच-१बी या कामाच्या व्हिसावर, मुलगी एच-४ या त्यांच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, ग्रीन कार्डचा (कायम वास्तव्याचा) अर्ज रांगेत. यादीत हॉपकिन्स, ड्यूक, ब्राउन, व्हँडरबिल्ट, कोलंबिया अशी नऊ-दहा मोठी नावं आणि शेवटी 'सेफ्टी' (जवळजवळ हमखास प्रवेशाची जागा) म्हणून न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ रटगर्स. यातलं न्यूरोसायन्ससाठी सर्वांत चांगलं कोणतं?

न्यूरोसायन्स या सगळ्यांकडे चांगलंच आहे. पण यादी करताना तो प्रश्न चौथा किंवा पाचवा येतो. पहिला प्रश्न व्हिसाचा, दुसरा पैशांचा, तिसरा पहिल्या दोन वर्षांतल्या ग्रेडचा. हे तिन्ही नीट विचारले की तुमच्या यादीतली निम्मी नावं आपोआप गळतात आणि सध्या यादीत नसलेली चार-पाच आत येतात.

आधी एक गैरसमज काढून टाकू. 'प्री-मेड' ही अमेरिकेत पदवी नाही, शाखाही नाही. कोणत्याही विषयात पदवी घ्यायची आणि सोबत मेडिकल स्कूलला लागणारे विषय पुरे करायचे, एवढाच त्याचा अर्थ. ते विषय साधारण असे: जीवशास्त्र, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स प्रत्येकी एक वर्ष, प्रयोगशाळेसह. त्यावर एक सत्र बायोकेमिस्ट्री, संख्याशास्त्र, इंग्रजीचे दोन कोर्स, शिवाय एमकॅट या मेडिकल प्रवेशपरीक्षेसाठी मानसशास्त्र आणि समाजशास्त्राची ओळख. न्यूरोसायन्स घेतलं म्हणून मेडिकल स्कूल जादा गुण देत नाही. इतिहास घेतला म्हणून कापतही नाही. विषय आवडतो म्हणून घ्यावा, आणि मुलीला तो खरंच आवडत असेल तर घ्यावाच.

आता व्हिसा. एच-४वरची मुलगी २१ वर्षांची झाली की तिचा एच-४ संपतो. म्हणजे साधारण कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात तिला एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा करून घ्यावा लागणार. २००२ च्या सीएसपीए (चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन) कायद्यानं ग्रीन कार्डासाठीच्या वयाचा हिशेब काही जणांना थोडा सैल मिळतो. तुमच्या प्रायॉरिटी डेटला (ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या तारखेला) त्याचा उपयोग आहे का, हे इमिग्रेशन वकिलाकडून आत्ताच समजून घ्या, बारावी संपल्यावर नको. त्या उत्तरावर सगळा नकाशा बदलतो, कारण अमेरिकेतली बरीचशी मेडिकल स्कूलं, विशेषतः राज्य सरकारांची, फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांचेच अर्ज घेतात. जी थोडी परदेशी विद्यार्थ्यांना घेतात, त्यांतली काही एक ते चार वर्षांची फी आगाऊ एस्क्रो (तिऱ्हाइताच्या ताब्यातल्या) खात्यात ठेवायला सांगतात. फेडरल कर्ज मिळत नाही, आणि खासगी कर्जाला बहुतेक वेळा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जामीन लागतो. कोणतं मेडिकल स्कूल कुणाला घेतं हे एएएमसी या मेडिकल स्कूलांच्या संघटनेच्या एमएसएआर या सशुल्क यादीत शाळानिहाय मिळतं. वर्षभराची वर्गणी थोडीच आहे, भरा.

याचा कॉलेज निवडीशी संबंध तीन ठिकाणी येतो.

पहिला, आर्थिक मदत. मुलगी पाचवीपासून न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये शिकली असली तरी एच-४वर असल्यानं तिला फाफ्सा हा सरकारी मदतीचा अर्ज भरून फेडरल मदत मिळत नाही, आणि बऱ्याच खासगी कॉलेजांच्या हिशेबात ती परदेशी विद्यार्थिनीच धरली जाते. हा फरक मोठा आहे. 'आम्ही प्रवेश देताना तुमची आर्थिक स्थिती बघत नाही' असं जी कॉलेजं अभिमानानं सांगतात, त्यांतली पुष्कळशी ते फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांबद्दल बोलत असतात. परदेशी विद्यार्थ्यांनाही तोच नियम लावणारी थोडीच: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन, आणि अलीकडे ब्राउन. मदत लागणारच असेल तर आवाक्याबाहेरच्या दोन-तीन जागा या ओळीतून घ्या. मदत मागितल्यामुळेच जिथे अर्ज मागे पडू शकतो, तिथे त्या जागा वाया घालवू नका.

दुसरा, संशोधन. एच-४वर पगारी काम करता येत नाही, सरकारी मदतीतली कॉलेजमधली नोकरी, म्हणजे वर्क-स्टडीही नाही. एनएसएफ या विज्ञानाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेचे आरईयू नावाचे उन्हाळी संशोधन कार्यक्रम फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी असतात. म्हणून क्रेडिट घेऊन प्रयोगशाळेत काम करता येईल, किंवा कॉलेजच्या स्वतःच्या निधीतून परदेशी विद्यार्थ्यांनाही उन्हाळी फेलोशिप मिळेल, असं कॉलेज हवं. फेलोशिपचा पैसा तिच्या व्हिसावर घेता येतो का, हेही कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला विचारा.

तिसरा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पदवीनंतर लगेच मेडिकल स्कूलला जाणारे आता अल्पसंख्य आहेत. निम्म्याहून जास्त मुलं मध्ये एक-दोन वर्षं काम करतात. एफ-१वर ते काम ओपीटी या पदवीनंतरच्या कामाच्या परवानगीवर करावं लागतं: १२ महिने, आणि पदवी सरकारच्या स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत असेल तर आणखी २४ महिने. पदवी त्या यादीत आहे का हे तिच्या नावावर ठरत नाही, सीआयपी या सरकारी विषय-कोडवर ठरतं. न्यूरोसायन्सचा कोड २६.१५०१ आहे आणि तो यादीत आहे. पण काही ठिकाणी मेंदूविषयक पदवी मानसशास्त्र विभागात असते आणि तिचा कोड ४२ नं सुरू होतो. त्यातले काही कोड यादीत आहेत; साध्या मानसशास्त्राचा ४२.०१०१ नाही. रजिस्ट्रार कार्यालयाला एक ओळीची मेल टाकली की कोड कळतो. पुढे ग्रीन कार्ड मिळालं तर उत्तमच, हा प्रश्न मिटला. नाही मिळालं तर त्या सहा आकड्यांवर दोन वर्षं अवलंबून असतील.

पैशांबद्दल. खासगी कॉलेजचा वर्षाचा एकूण खर्च आता अनेक ठिकाणी ९० हजार डॉलरच्या घरात गेलाय. पुढे मेडिकल स्कूलची चार वर्षं आहेत, आणि त्यांचा खर्च खासगी ठिकाणी सहज साडेतीन लाखांच्या पुढे जातो. १ जुलै २०२६ पासून नव्यानं कर्ज घेणाऱ्यांसाठी ग्रॅड प्लस हे फेडरल कर्ज बंद, आणि मेडिकलसारख्या व्यावसायिक पदवीसाठी फेडरल कर्जाची मर्यादा वर्षाला ५० हजार, एकूण २ लाख डॉलर. म्हणजे ग्रीन कार्ड आलं तरी पूर्वीसारखं 'पुढचं सगळं कर्जातून बघू' हे चालणार नाही. अंथरूण पाहून पाय पसरायचे तर अंथरूण आठ वर्षांचं मोजा, चार वर्षांचं नव्हे. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, पण तो बहुधा नागरिकांच्या नियमांनी आकडा देतो. तुम्हाला तो जसाच्या तसा लागू नाही. आर्थिक मदत कार्यालयाला थेट विचारा: एच-४वरच्या विद्यार्थिनीला गुणवत्तेवरची शिष्यवृत्ती मिळते का, आणि ती चारही वर्षं टिकायला किती जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) लागतो? ३.५ ची अट असलेली शिष्यवृत्ती प्री-मेडच्या विद्यार्थिनीनं पहिल्याच वर्षी गमावल्याची उदाहरणं हवी तेवढी सापडतात.

रटगर्सबद्दलही एक प्रश्न लेखी विचारून ठेवा. बऱ्याच राज्यांत एच-४वरच्या मुलांना स्थानिक फी मिळते, पण मधल्या वर्षात एफ-१ झाल्यावर ती टिकते का? विद्यापीठ पुढे जे करणार तेच उत्तर हातात हवं. ओळखीतल्या कुणाला काय मिळालं यावर हिशेब बांधू नका.

आता ग्रेड. मेडिकल स्कूलच्या प्रवेशासाठी एएमकॅस हा सामायिक अर्ज असतो. तो कॉलेजच्या गुणपत्रिकेवरचा जीपीए तसाच उचलत नाही. प्रत्येक कोर्स स्वतःच्या वर्गवारीत टाकून तो दोन आकडे काढतो: एकूण जीपीए, आणि जीवशास्त्र-केमिस्ट्री-फिजिक्स-गणित यांचा वेगळा सायन्स जीपीए. न्यूरोसायन्सचे कोर्स जीवशास्त्रात धरले जातात, मानसशास्त्राचे धरले जात नाहीत. नापास झालेला विषय पुन्हा घेतला तर दोन्ही ग्रेड मोजल्या जातात. शाळेत असताना कम्युनिटी कॉलेजात घेतलेला ड्युअल एनरोलमेंटचा कोर्सही मोजला जातो. म्हणून या उन्हाळ्यात 'सहज म्हणून' घेतलेल्या कॅल्क्युलसमध्ये सी आला, तर तो पाच वर्षांनी मेडिकल स्कूलच्या पडद्यावर दिसणारच.

प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.८ च्या आसपास आणि एमकॅट ५११-५१२ असतो. एमकॅटची पट्टी ४७२ ते ५२८ ची. वर्षाला साधारण ५२ ते ५५ हजार अर्जदार, त्यातले जवळपास २३ हजार आत जातात. हे आकडे ध्यानात ठेवून पहिल्या सत्राचा हिशेब मांडून बघू, कारण इथेच घोळ होतो.

समजा मुलीनं पहिल्या सत्रात जनरल केमिस्ट्री (३ क्रेडिट) घेतली आणि बी मायनस मिळाला: २.७. तिची लॅब (१ क्रेडिट), ए: ४.०. जीवशास्त्र (४ क्रेडिट), बी: ३.०. कॅल्क्युलस (४ क्रेडिट), बी प्लस: ३.३. शाळेत नेहमी ए मिळवणाऱ्या मुलीला मोठ्या विद्यापीठात पहिल्याच सत्रात हे होऊ शकतं. यात तिचा आळस नसतो. तीनशे जणांच्या वर्गात कर्व्हवर, म्हणजे इतरांच्या तुलनेत, मार्क पडतात, आणि त्या तीनशेंतले बहुतेक आपापल्या शाळेत पहिले आलेले असतात. गुणाकार केला तर ८.१ + ४ + १२ + १३.२ = ३७.३. भागिले १२ क्रेडिट, सायन्स जीपीए ३.११.

आता अर्ज करेपर्यंत सायन्सची ६० क्रेडिट होतील असं धरा आणि तिला ३.७ वर पोचायचंय. ६० × ३.७ = २२२. त्यातून ३७.३ वजा केले, उरले १८४.७. ते उरलेल्या ४८ क्रेडिटमध्ये मिळवायचे, म्हणजे सरासरी ३.८५. ऑरगॅनिक, फिजिक्स, बायोकेमिस्ट्री असे अवघड विषय पुढे असताना जवळजवळ सगळीकडे ए. एका बऱ्या-वाईट सत्राची ही किंमत आहे. म्हणून कॉलेज निवडताना मी पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीकडे सर्वांत जास्त वेळ देतो. क्रमवारी त्यानंतर.

ते बघायचं कसं? कॉलेजचं 'क्लास सर्च' किंवा 'शेड्यूल ऑफ क्लासेस' बहुतेक ठिकाणी लॉगिनशिवाय उघडतं. त्यात मागच्या शरद सत्राचा जनरल केमिस्ट्रीचा पहिला कोर्स काढा. लेक्चरला जागा किती, रिसिटेशनच्या (सरावाच्या छोट्या वर्गांच्या) तुकड्या किती आणि त्यात किती मुलं, हे स्पष्ट दिसतं. मग लगेच वसंत सत्रातला दुसरा भाग काढा. पहिल्या भागात ९०० जागा आणि दुसऱ्यात ५५० असतील तर मधली साडेतीनशे मुलं गेली कुठे? काहींना दुसरा भाग लागतच नसेल, हे खरं. पण उरलेल्यांचं काय झालं हे प्री-हेल्थ (मेडिकल प्रवेशाचा सल्ला देणाऱ्या) कार्यालयाला विचारण्यासारखं आहे. काही सरकारी विद्यापीठं कोर्सनिहाय ग्रेड-वाटप जाहीर करतात. मिळालं तर सोन्याहून पिवळं.

ग्रेड मुद्दाम खाली ठेवण्याचं धोरणही असू शकतं. प्रिन्स्टननं २००४ ते २०१४ अशी दहा वर्षं ए ग्रेडचं प्रमाण बांधून ठेवलं होतं, मग ते सोडून दिलं. आज कुठे काय चालतं यावर ऐकीव माहिती पुष्कळ मिळते. वर्गातल्या जागा आणि ग्रेडचे प्रत्यक्ष आकडे बघणं जास्त खात्रीचं.

एवढं झाल्यावर न्यूरोसायन्सकडे येऊ. नाव एकच, पण आतलं सामान फार वेगवेगळं. कुठे हा विषय स्वतःच्या विभागात शिकवतात. पिट्सबर्ग विद्यापीठात कला-विज्ञान शाखेतच न्यूरोसायन्सचा स्वतंत्र विभाग आहे, आणि यूसी अर्व्हाइनचा न्यूरोबायॉलॉजी अँड बिहेव्हियर विभाग तर १९६४ पासूनचा. एमोरीत तो न्यूरोसायन्स अँड बिहेव्हियरल बायॉलॉजी या नावानं मिळतो. रटगर्सच्या न्यू ब्रन्स्विकमध्ये सेल बायॉलॉजी अँड न्यूरोसायन्स म्हणून, म्हणजे पेशींकडे जास्त झुकलेला. मिशिगनमध्ये न्यूरोसायन्स वेगळं आणि मानसशास्त्राच्या अंगानं जाणारं बीसीएन (बायोसायकॉलॉजी, कॉग्निशन अँड न्यूरोसायन्स) वेगळं. अ‍ॅमहर्स्टसारख्या छोट्या कॉलेजातही हा विषय १९७३ पासून आहे, तेव्हा तो फक्त बड्या विद्यापीठांचा असतो असं समजू नका.

कॅटलॉगमधलं 'डिग्री रिक्वायरमेंट्स'चं पान छापून घ्या आणि पेन्सिल हातात धरा. मेडिकल स्कूलला लागणारे विषय एकेक करून त्या पानावर शोधा. ऑरगॅनिकचा दुसरा भाग पदवीत येतो का? फिजिक्स दोन्ही सत्रं? बायोकेमिस्ट्री? मेडिकलचे सायन्स विषयच साधारण ३५ क्रेडिटचे होतात. न्यूरोसायन्सची पदवी त्यातले बहुतेक सामावून घेत असेल तर चार वर्षांच्या १२० क्रेडिटमध्ये श्वास घ्यायला जागा राहते. दुसरा ऑरगॅनिक, फिजिक्स आणि बायोकेमिस्ट्री बाहेरून जोडावे लागत असतील तर दहा-पंधरा क्रेडिट वर येतात, आणि ती नेमकी तिसऱ्या वर्षात येऊन बसतात. एमकॅटचं वर्ष तेच.

त्याच पानावर वरच्या पातळीचे लॅब कोर्स शोधा आणि क्लास सर्चमध्ये त्यांच्या जागा बघा. मेंढीच्या मेंदूचे काप करून हिप्पोकॅम्पस ओळखायला लावणारा न्यूरोअ‍ॅनाटॉमीचा कोर्स, किंवा झुरळाच्या पायातून विद्युत संकेत टिपणारी इलेक्ट्रोफिजिऑलॉजीची लॅब, हे कॅटलॉगात वाचायला झकास वाटतं. पण लॅबमध्ये एका वेळी वीस-चोवीस जागा असतात, आणि विषय घेतलेली मुलं शेकड्यांनी असू शकतात. कोर्स दर सत्राला चालतो की दोन वर्षांतून एकदा, आणि ज्येष्ठांना आधी नोंदणी मिळते का? ऑनर्स कॉलेजमध्ये आधी नोंदणीची सोय असेल तर मोठ्या विद्यापीठात तीच सर्वांत कामाची सवलत. नाही तर नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

काही ठिकाणी विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणजे विषयात मिळाला असं नसतं. वॉशिंग्टन विद्यापीठात, सिएटलला, न्यूरोसायन्सच्या जागा मर्यादित आहेत आणि कॉलेजात गेल्यावर वेगळा अर्ज करावा लागतो. यूसी सॅन डिएगोमध्ये जीवशास्त्राचे विषय निवडक गटात मोडतात. दुसऱ्या विषयातून शिरून मग इकडे वळू म्हटलं तर वाट अरुंद आहे. उलट ब्राउन, ड्यूक किंवा अ‍ॅमहर्स्टमध्ये विषय नंतर ठरवला तरी चालतो.

हॉस्पिटल जवळ असणं हा मुद्दा पालक नेहमी काढतात आणि तो बरोबरच आहे, फक्त नावावर जाऊ नका. नकाशा उघडा. कॉर्नेलची मुलं इथाकात शिकतात, त्यांचं मेडिकल कॉलेज मॅनहॅटनमध्ये, दोनशे मैलांहून दूर. पेन स्टेटचं मेडिकल कॉलेज हर्शीला, मुख्य कँपसपासून सुमारे शंभर मैल. जॉन्स हॉपकिन्समध्येही पदवीचा होमवूड कँपस आणि हॉस्पिटल बाल्टिमोरच्या वेगवेगळ्या भागांत आहेत. शटल आहे, पण दोन तासांच्या फटीत जाऊन रुग्णसेवा करून परत येणं जमेलच असं नाही. उलट पिट्सबर्गमध्ये वर्गाबाहेर पडून चढण चढली की यूपीएमसीचं हॉस्पिटल. क्लीव्हलंडला केस वेस्टर्नच्या अंगणातच युनिव्हर्सिटी हॉस्पिटल्स, आणि क्लीव्हलंड क्लिनिकही जवळच. रॉचेस्टरला मेडिकल सेंटर पदवीच्या कँपसपासून पायी जाण्याइतकं जवळ. दक्षिणेकडे अलाबामातल्या बर्मिंगहॅमला यूएबी विद्यापीठात पदवीचा न्यूरोसायन्स कार्यक्रम आणि मोठं हॉस्पिटल शेजारीशेजारी. तुमच्या यादीत या शेवटच्या चारांपैकी एकही नाव नाही, हे मला थोडं नवलाचं वाटलं.

तरीही हॉस्पिटलशिवायच्या छोट्या कॉलेजांना कमी लेखू नका. तिथे पीएचडीचे विद्यार्थी नसतात, म्हणून प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत हात पदवीच्या मुलांचेच. मेडिकलच्या अर्जाला सहसा दोन विज्ञानाच्या आणि एका इतर प्राध्यापकाचं पत्र लागतं. तीनशेच्या वर्गातला प्राध्यापक तुमच्या मुलीबद्दल 'तिला ए मिळाला' याहून जास्त काय लिहिणार? न्यू जर्सीला जवळ असलेली लाफायेट आणि म्यूलनबर्ग ही पेनसिल्व्हेनियातली दोन्ही कॉलेजं न्यूरोसायन्स शिकवतात. आपल्या लोकांच्या तोंडी ही नावं कधी नसतात, एवढाच त्यांचा दोष.

आणि आता ती प्रसिद्ध टक्केवारी. 'आमच्या ८५ टक्के मुलांना मेडिकलला प्रवेश मिळतो' असं कुठेही ऐकलं की विचारायचं, कशाच्या ८५ टक्के? बऱ्याच कॉलेजांत प्री-हेल्थ समिती विद्यार्थ्याला एकत्रित पत्र देते. समितीनं कमी जीपीएच्या मुलांना पत्र नाकारलं किंवा 'यंदा थांब' म्हटलं, की छेद लहान होतो आणि टक्केवारी फुगते. समजा, पहिल्या वर्षी प्री-मेड म्हणून आलेली ४०० मुलं, प्रत्यक्ष अर्ज केलेली १००, प्रवेश मिळालेली ८५. छापली जाते फक्त शेवटच्या दोन आकड्यांची टक्केवारी. (हे आकडे समजण्यापुरते घेतलेत.) म्हणून प्री-हेल्थ कार्यालयाला मुलीनं स्वतः, स्वतःच्या नावानं, अशी मेल पाठवावी:

'मागच्या तीन वर्षांत तुमच्याकडून किती विद्यार्थ्यांनी एमडीसाठी पहिल्यांदा अर्ज केला आणि त्यांतल्या किती जणांना प्रवेश मिळाला? या आकड्यात डीओ (ऑस्टिओपॅथिक) आणि कॅरिबियन कॉलेजं धरली आहेत का? समितीच्या पत्रासाठी किमान जीपीए किंवा एमकॅटची अट आहे का? व्हिसावरच्या अर्जदारांचे निकाल वेगळे सांगता येतील का? एका सल्लागाराकडे साधारण किती विद्यार्थी असतात?'

आठवड्यात सरळ उत्तर आलं तर कार्यालय जागं आहे. माहितीपत्रकाची लिंक येऊन पडली तर तेही एक उत्तरच.

बारावीनंतर थेट मेडिकलची जागा राखून देणारे बीएस-एमडी कार्यक्रम तुमच्या ओळखीत बऱ्याच जणांनी सुचवले असतील. ब्राउनचा पीएलएमई आठ वर्षांचा आहे आणि त्यात एमकॅट लागत नाही. मिझुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी कँपसचा सहा वर्षांचा. तुमच्या राज्यात टीसीएनजे (द कॉलेज ऑफ न्यू जर्सी) आणि न्यू जर्सी मेडिकल स्कूलचा सात वर्षांचा. जागा मोजक्या, आणि बरेचसे कार्यक्रम नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांपुरतेच आहेत, तेव्हा अर्ज करण्याआधी पात्रतेची ओळ वाचा. जमत असेल तर एक-दोन ठिकाणी करावा. पण त्यासाठी दहा जादा निबंध लिहून बाकीचे अर्ज पातळ करू नका. मधले जीपीएचे आणि कधी एमकॅटचे उंबरठे पार करावेच लागतात, हे जाहिरातीत बारीक अक्षरात असतं.

शाळेतच घेतलेल्या कॉलेज-पातळीच्या एपी कोर्सच्या क्रेडिटबद्दल सतत विचारलं जातं, म्हणून दोन ओळी. एपी केमिस्ट्रीत ५ पैकी ५ मिळाले तरी काही मेडिकल स्कूलं ते क्रेडिट मानत नाहीत, किंवा त्याच विषयात वरच्या पातळीचा कोर्स मागतात. पाया पक्का असेल तर एपीवर उडी मारून वरचा कोर्स घ्यावा. शंका असेल तर पहिला कोर्स पुन्हा घेऊन स्वच्छ ए मिळवावा.

मग तुमच्यासाठी यादी कशी दिसेल? दहा ते बारा नावं पुरेत. कॉमन अ‍ॅप या सामायिक अर्जात वीस जोडता येतात म्हणून वीस जोडू नयेत. प्रत्येकाचे वेगळे निबंध असतात आणि पंधराव्या निबंधाला दम राहत नाही. रटगर्सला 'सेफ्टी' म्हणून तळाशी टाकू नका. स्थानिक फी टिकते असं लेखी कळलं, तर पैशांच्या हिशेबात ते वर येऊन बसतं. शेजारी मेडिकल स्कूल आहे, घर जवळ आहे. पिट्सबर्ग नक्की घाला, कारण तिथे अर्ज येतील तसे निर्णय देतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाठवला तर शरद ऋतूतच एक होकार हातात येऊ शकतो, आणि त्यानं घरातली हवा बदलते. रॉचेस्टर आणि केस वेस्टर्न गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देतात आणि हॉस्पिटल दाराशी आहे, म्हणून दोन्ही. लाफायेट किंवा म्यूलनबर्गपैकी एक, मुलीनं स्वतः जाऊन बघितल्यावर. यूएबीचा विचार दूर जायची तयारी असेल तर. आवाक्याबाहेरच्या जागा तीन-चार: अ‍ॅमहर्स्ट, बोडन, ब्राउन, आणि तिला मनापासून हवं असलेलं कोणतंही एक, मग ते हॉपकिन्स का असेना. १४८० वर या चारही ठिकाणी भरवसा ठेवता येत नाही. पुन्हा परीक्षा द्यायची तर ऑगस्टपर्यंत संपवा. कोलंबिया, व्हँडरबिल्ट, ड्यूक सगळीकडे अर्ज केल्यानं संधी तेवढ्या पटीनं वाढते हा भ्रम आहे. त्या सगळ्यांना तोच अर्ज, त्याच कारणानं आवडतो किंवा आवडत नाही.

अर्ली डिसिजनबद्दल सावध राहा. तो बांधील असतो. प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे, म्हणजे शिष्यवृत्त्यांची तुलना करायची संधी जाते. एच-४वर, मदतीची गरज असताना, पैशांचा आकडा आधी कळल्याशिवाय तो करू नये. १ नोव्हेंबरची अर्ली अ‍ॅक्शन जिथे आहे तिथे मात्र जरूर करा, त्यात बांधिलकी नसते. वकिलाची भेट आणि सीआयपी कोडच्या मेल या वसंतात. क्लास सर्चचं काम जूनमध्ये एका शनिवारी दोघींनी बसून. निबंध जुलैत. आर्थिक मदतीसाठी बरीच खासगी कॉलेजं मागतात तो सीएसएस प्रोफाइल अर्ज ऑक्टोबरमध्ये उघडतो, त्यात भारतातली मालमत्ताही विचारतात. पुण्याच्या फ्लॅटची कागदपत्रं आजोबांकडे असतील तर आत्ताच मागवून ठेवा.

होकार आणि शिष्यवृत्त्यांचे आकडे मार्चअखेरपर्यंत येतील. १ मेपर्यंत ठेव भरायची असते. त्या चार आठवड्यांत उरलेल्या दोन-तीन कॉलेजांची न्यूरोसायन्सची पानं, केमिस्ट्रीच्या जागा आणि आठ वर्षांचा खर्च एका कागदावर शेजारीशेजारी लिहा. मुलीला तिथल्या एखाद्या तिसऱ्या वर्षाच्या न्यूरोसायन्सच्या विद्यार्थिनीशी अर्धा तास बोलू द्या, तुम्ही खोलीत नसताना.